धीटपणे मागायची रीत: प्रार्थनेत नेमके काय चुकते आणि ते कसे सुधारायचे

घरगुती सभेत दर आठवड्याला ऐकू येणारी एक प्रार्थना घ्या. "हे दयाळू पित्या, सर्वांना आशीर्वादित कर, आजाऱ्यांना स्पर्श कर, गरजवंतांच्या गरजा भागव, आमेन." यात वाईट काही नाही. पण महिन्याभराने कोणी विचारले की यातले काय झाले, तर उत्तर देता येणार नाही. काय मागितले हेच ठरलेले नाही, तर मिळाले हे कळणार कसे?

दुसऱ्या टोकाला आवाज चढवून देवाला मुदत घालणारे असतात. "आत्ताच्या आत्ता, याच क्षणी!" आवाज मोठा असतो, पण मागणे तितकेच धूसर.

बायबलमधले इब्री ४:१६ आपल्याला कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जायला सांगते. त्या धैर्याचे कारण आधीच्या दोन वचनांत आहे: आपल्या दुर्बलतेची कळ असलेला प्रमुख याजक तिथे आहे. म्हणजे धैर्य आपल्या विश्वासाच्या वजनावर उभे नाही आणि घशाच्या ताकदीवर तर नाहीच. खाली दिलेला क्रम पाळा. बहुतेकांचे बिनसते ते थेट पाचव्या टप्प्यापासून सुरुवात केल्यामुळे.

## आधीची तयारी

रोज २५ मिनिटे, ठरलेल्या वेळी, आठवड्यातून सहा दिवस. सातवा दिवस मंडळीच्या उपासनेचा. पहाटच हवी असे नाही. रात्रपाळी करणाऱ्याने दुपारी बसावे. वेळ बदलू नये, इतकेच.

सोबत बायबल, २०० पानी वही, पेन. फोन दुसऱ्या खोलीत. "बायबल फोनवरच आहे" ही सबब सगळ्यांनाच सुचते, म्हणून छापील प्रत घ्या.

घरात एकच खोली असेल तर ओठ हलवत किंवा लिहून प्रार्थना करा. हन्नाचे फक्त ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता (१ शमुवेल १:१३). याजकाला वाटले, बाई प्यायलेली आहे. तिची प्रार्थना मात्र ऐकली गेली. लोकलमधली, बसमधली प्रार्थना जरूर करा, पण ती या २५ मिनिटांच्या हिशेबात धरू नका.

वहीचे डावे पान विनंतीसाठी: तारीख, विनंती, वचन, मी काय करायचे. उजवे पान कोरे सोडा. ते उत्तरासाठी आहे, आणि ते कोरे दिसत राहणे हेही उपयोगाचे असते.

## १. तीन दिवस स्वतःच्या प्रार्थनेची झडती

काही बदलू नका. नेहमीसारखी प्रार्थना करा आणि उठल्यावर लगेच, जे बोललात ते आठवेल तसे लिहा. तीन दिवसांनी त्यातल्या प्रत्येक वाक्याला एक प्रश्न लावा: हे झाले तर मला कळेल का? ज्याचे उत्तर "नाही" येईल ते वाक्य खोडा.

दहापैकी सात-आठ ओळी गेल्या तर घाबरू नका, बहुतेकांच्या जातात. उरलेल्या ओळी म्हणजे तुमचे खरे मागणे. त्यात फक्त स्वतःच्या घरातलीच नावे आहेत का, तेही पाहा.

> तपासा: "प्रभू, प्रभू" किंवा "हे पित्या" दर तिसऱ्या शब्दाला येते का? ती भक्ती नसून पुढचा शब्द सुचेपर्यंतची उसंत असते. तिथे गप्प राहिलेले चालते.

## २. विनंती नेमकी करा

यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय दयेसाठी ओरडत होता. येशूने त्याला जवळ बोलावून विचारले, "मी तुझ्यासाठी काय करावे?" (मार्क १०:५१). समोरचा आंधळा आहे हे दिसत असताना विचारले. "दया कर" वरून "मला दिसावे" इथपर्यंत त्याला स्वतःच्या तोंडाने यावे लागले. लूक ११ मधला मध्यरात्री दार ठोठावणारा मित्रही "काहीतरी खायला दे" म्हणत नाही. तीन भाकरी मागतो, आणि कोणासाठी तेही सांगतो.

एका वेळी एक ते तीन विनंत्या पुरेत. मोठी विनंती वर लिहा, तिच्या पायऱ्या खाली. समजा, आजवरची प्रार्थना अशी होती: "नवऱ्याची दारू सुटू दे." वहीत ती अशी उतरेल:

मोठी विनंती: तो दारूतून पुरता मुक्त व्हावा आणि त्याचा प्रभूशी समेट व्हावा.
- या शनिवारी पगार हातात पडल्यावर त्याने थेट घरी यावे.
- व्यसनमुक्तीच्या बैठकीला जायला या महिन्यात एकदा तरी "हो" म्हणावे.
- तो पिऊन आला तर त्या रात्री माझी जीभ ताब्यात राहावी. बोलायचे ते सकाळी बोलता यावे.
- मुलांच्या मनातली भीती जावी. धाकट्याने रात्री दचकून उठू नये.

पहिल्या शनिवारी तो थेट घरी आला, तर उजव्या पानावर लिहायला काहीतरी आले. नाही आला, तरी पुढच्या शनिवारी काय मागायचे ते ठाऊक आहे. पायऱ्या लिहिल्या म्हणून मोठी विनंती लहान झाली नाही. ती डोक्यावर आहेच.

> सावधान: घरात मारहाण होत असेल तर प्रार्थना करून गप्प राहू नका. माहेरी, विश्वासू माणसाला आणि गरज पडल्यास पोलिसांना कळवा. मार खात राहणे म्हणजे विश्वास नव्हे.

### विनंती मोठी कशी करायची

२ राजे ४ मध्ये कर्जबाजारी विधवेला अलीशा संदेष्टा सांगतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आण, आणि थोडीथोडकी आणू नकोस. भांडी संपली तेव्हाच तेल थांबले. तेराव्या अध्यायात हाच अलीशा राजाला बाण जमिनीवर मारायला सांगतो. राजा तीनदा मारून थांबतो आणि संदेष्टा रागावतो: पाच-सहा वेळा मारायला हवे होते. दोन्हीकडे मर्यादा मागणाऱ्याच्या बाजूने आली.

म्हणून प्रत्येक विनंतीखाली तीन प्रश्न लिहा. हे मिळाले तर माझ्याखेरीज कोणाचे भले होईल? यातले कोणते काम माझ्या पगाराने, ओळखीने किंवा हुशारीने होण्यासारखे नाही? आणि निराशा पदरी येईल या भीतीने मी विनंती कातरली आहे का? तिसऱ्याचे उत्तर "हो" असेल तर कातरलेला भाग परत जोडा.

मोठी म्हणजे महागडी नव्हे. दोन खोल्यांऐवजी तीन खोल्यांचा फ्लॅट मागितला म्हणून विश्वास दीडपट होत नाही. प्रेषितांची कृत्ये ४ मध्ये मंडळीला धमक्या आल्या, तेव्हा त्यांनी धमक्या थांबवायला सांगितले नाही. वचन सांगायला धैर्य मागितले. सोपे मागणे सोडून मोठे मागणे म्हणतात ते हे.

## ३. विनंतीखाली वचन ठेवा

इथे सर्वात जास्त गफलत होते, म्हणून सावकाश जा.

आपल्या विनंतीचे दोनपैकी एक खाते असते. काही गोष्टींचे उघड अभिवचन आहे: शहाणपण (याकोब १:५), पापक्षमा (१ योहान १:९), पवित्र आत्मा (लूक ११:१३). या निःशंक मागा आणि मागताक्षणी आभार माना. दुसऱ्या खात्यात नोकरी, लग्न, मूल, व्हिसा, शस्त्रक्रियेचे यश. यांचे तारीखवार अभिवचन कोणालाही दिलेले नाही. त्या मागायच्या नाहीत असे नाही. मागायच्या, पण पित्याच्या स्वभावावर टेकून. "तू शब्द दिला आहेस" असे म्हणून नाही, कारण त्याने तो दिलेला नाही.

वचन सापडले की तो अख्खा अध्याय वाचा आणि पाहा: हे कोणाला सांगितले? कोणत्या प्रसंगी? काही अट आहे का?

दोन वचनांची सर्वाधिक ओढाताण होते. यिर्मया २९:११ मधले हिताचे संकल्प मुलाखतीच्या आदल्या दिवशी आठवतात. पण ते पत्र बाबेलातल्या बंदिवानांना आहे, आणि दहाव्या वचनात ७० वर्षे थांबायला सांगितले आहे. फिलिप्पैकरांस ४:१३, "मला शक्तिमान करणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्वकाही करू शकतो", हे परीक्षेच्या पॅडवर चिकटवलेले असते. आधीची दोन वचने उपासमार आणि तुटवडा सोसण्याविषयी आहेत. तिथले "सर्वकाही" म्हणजे मिळेल त्यात समाधानी राहणे. संदर्भासकट घेतलेले वचन जास्त भार पेलते. नापास झाल्यावरही ते हातात राहते.

> सावधान: डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ते वचन आपले, ही चिठ्ठी टाकण्याची पद्धत झाली. नववर्षाच्या उपासनेत मिळालेल्या वचनकार्डाचेही तसेच. कार्ड खुशाल जपून ठेवा, पण अध्याय वाचल्याशिवाय त्यावर वर्षाचे निर्णय उभे करू नका.

## ४. वाटेतले दगड काढा

मार्क ११:२४ सगळ्यांना पाठ असते: प्रार्थना करून जे मागाल ते मिळालेच आहे असा विश्वास धरा. लगेच पुढचे वचन फारसे कोणी म्हणत नाही: प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा.

भावकीत जमिनीवरून बोलणे बंद आहे, मंडळीच्या निवडणुकीपासून कोणाचे तोंड पाहत नाही, असे काही असेल तर नाव लिहा. समेटाचे पहिले पाऊल काय (फोन, भेट, परत द्यायचे पैसे) तेही लिहा आणि आठवड्याच्या आत उचला. नवऱ्यांनी १ पेत्र ३:७ वेगळे वाचावे: बायकोला मान न दिल्यास प्रार्थनेत अडथळा येतो, असे तिथे स्पष्ट आहे.

हेतूही एकदा तपासा (याकोब ४:३). मात्र मन पूर्ण शुद्ध झाल्यावरच मागेन, असे म्हणत अडून बसू नका. "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा" म्हणणाऱ्या बापाचे काम त्याच दिवशी झाले (मार्क ९:२४).

## ५. प्रत्यक्ष प्रार्थना: २५ मिनिटांची आखणी

नमुना कृत्ये ४:२४-३० चा घ्या. त्या सात वचनांत पहिली पाच देव कोण आहे आणि त्याने काय केले यावर आहेत. मागणे शेवटच्या दोनांत. आपले प्रमाण बहुधा उलटे असते.

- ८ मिनिटे, देवाकडे पाहा. एक स्तोत्र हळू वाचा आणि त्यातले दोन गुण स्वतःच्या शब्दांत त्याला सांगा.
- ३ मिनिटे, उपकारस्तुती. कालची एक गोष्ट, नेमकी. "सर्व आशीर्वादांबद्दल" नको.
- २ मिनिटे, पापांची कबुली. नाव घेऊन. "जाणते-अजाणतेपणी" या शब्दाआड लपू नका.
- ७ मिनिटे, विनंती. वहीतून वाचा, शक्य असल्यास मोठ्याने. वचन आधी, विनंती नंतर.
- ३ मिनिटे, गप्प. मन भरकटले तर विनंतीतले नाव पुन्हा घ्या.
- २ मिनिटे, लिहा. काही करायचे सुचले असेल तर तेवढेच.

विनंतीच्या भागाचा नमुना: "हे पित्या, मागणाऱ्यांना तू दोष न लावता शहाणपण देतोस. शुक्रवारी शाळेत बाईंना भेटायचे आहे. मुलाच्या वाचनाच्या अडचणीबद्दल न चिडता, खरे तेच मला बोलता यावे. त्याला शिकवू शकेल असे माणूस या सत्रात भेटू दे. आणि त्याच्यासारखी वर्गात आणखी जी मुले आहेत, त्यांच्या आईबापांसाठीही यातून दार उघड. येशूच्या नावात, आमेन." म्हणायला अर्धा मिनिट. नेमके, वचनावर टेकलेले, आणि शेवटी स्वतःच्या घराबाहेर गेलेले.

"येशूच्या नावात" हा शेवटी मारायचा शिक्का नव्हे. ज्याच्या नावाने जातो त्याला शोभेल असे मागतो आहोत, असा त्याचा अर्थ. त्यामुळे तो शब्द उच्चारण्याआधी विनंतीवरून एकदा नजर फिरवा.

### "तुझी इच्छा असेल तर" कुठे बसते

काहीजण हे वाक्य पळवाट म्हणून वापरतात: उत्तर आले नाही तर देवाची इच्छा नव्हती, मोकळे झालो. काहीजण ते अविश्वासाचे म्हणून टाळतात. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी स्वतःची विनंती उघड मांडली, दुःखाचा प्याला टळावा. मग "तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो". क्रम हाच ठेवा. दानीएल ३:१७-१८ मधले, मूर्तीपुढे न वाकल्यास भट्टीत टाकू अशी धमकी मिळालेले तिघेही तेच करतात: आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि न सोडवले तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही.

> सावधान: "हे झाले तर इतके दान देईन" हा नवस झाला. तसेच अमुक रकमेचे "बी पेरा" म्हणजे चमत्कार होईल, असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. कृपा विकत मिळत नाही.

## ६. आपल्या वाट्याचे काम करा

पडलेल्या यरुशलेमेसाठी राजाचा सेवक नहेम्याने किसलेव महिन्यात प्रार्थना सुरू केली आणि राजापुढे बोलायची संधी नीसानात आली. सुमारे चार महिने गेले. त्या वेळात त्याने हिशेब केलेला दिसतो, कारण राजाने विचारताच मागणी तयार होती: नदीपलीकडच्या सुभेदारांना पत्रे, आणि वनाधिकारी आसाफाला लाकडासाठी पत्र; वेशी, तट आणि राहते घर, तिन्हींसाठी (नहेम्या २:७-८).

वहीतला "मी काय करायचे" हा रकाना याचसाठी. नोकरी मागत असाल तर या आठवड्यात किती अर्ज केले तो आकडा तिथे हवा. आजारपणासाठी मागत असाल तर पुढच्या तपासणीची तारीख.

> सावधान: प्रार्थना केली म्हणून गोळ्या, इन्सुलिन किंवा मानसिक आजाराची औषधे बंद करू नका. बरे वाटले तर डॉक्टरांना दाखवा. औषध कमी करायचे ते तेच ठरवतील. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले (१ तीमथ्य ५:२३). तेव्हा ते औषधच होते.

## ७. चिकाटी: किती दिवस मागायचे

लूक ११:८ मधल्या मित्राला भाकरी मिळतात त्या "आग्रहामुळे". मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ निर्लज्जपणाकडे झुकतो. यशया ६२:७ तर म्हणते, त्याला स्वस्थ बसू देऊ नका.

मग मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड कोणती? जिथे शब्दांच्या संख्येवर भरवसा असतो ती. चिकाटीत भरवसा ऐकणाऱ्यावर असतो, आणि शब्द रोज थोडे बदलतात, कारण परिस्थिती रोज पाहिली जाते. पावसासाठी प्रार्थना करताना एलीया संदेष्ट्याने चाकराला सात वेळा समुद्राकडे बघायला पाठवले. सातव्यांदा तळहाताएवढा ढग दिसला. मागत राहा आणि बघतही राहा.

व्यवहारात ४० दिवस एकच विनंती धरा. दर शनिवारी उजवे पान भरा: "होय", "अजून नाही", "वेगळेच काहीतरी", "नाही". "वेगळेच काहीतरी" हा रकाना सर्वाधिक निसटतो. मुलाला मागितलेली नोकरी मिळाली नाही, पण तो सहा महिन्यांनी पहिल्यांदा बापाशी मोकळे बोलला, हे लिहायचे राहून जाते. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर अनाथाश्रमाच्या गरजांचा हिशेब पौंड-शिलिंग-पेन्ससकट लिहीत. अपेक्षा वाढते ती अशा नोंदींनी. भावना तापवून वाढवलेली अपेक्षा बुधवारपर्यंत उतरते.

४० दिवसांनी तीनपैकी एक करा: तशीच पुढे चालवा, विनंती सुधारा, किंवा कोणाला तरी सोबत घ्या.

## ८. दोघे-तिघे मिळून, आणि उपास

सोबती दोन किंवा तीन. त्याहून जास्त झाले की सभा होते. प्रत्येकी एक विनंती, सांगायला दोन मिनिटे. बाकीचा वेळ प्रार्थनेला. एरवी पाऊण तास गरजा सांगण्यात आणि पाच मिनिटे गुडघ्यांवर, असे होते. आजाऱ्याचे नाव घेण्याआधी त्याची परवानगी घ्या. "प्रभू, तुला ठाऊकच आहे, त्यांची मुलगी हल्ली कोणाबरोबर फिरते..." ही प्रार्थना नसून चहाडी आहे, डोळे मिटले असले तरी.

उपास करायचा तर रात्रीच्या जेवणापासून दुसऱ्या रात्रीच्या जेवणापर्यंत. पाणी भरपूर. दोन दिवस आधी चहा निम्म्यावर आणा, नाहीतर दुपारी डोके धरून बसाल. सोडताना ताक किंवा मऊ भात, भजी नको. मधुमेही, गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी अन्नाचा उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांनी एक दिवस मालिका आणि फोन सोडावा. अनेकांना तोच जास्त जड जातो.

## ९. उत्तर "नाही" आले तर

पौलाने "शरीरातला काटा", म्हणजे सततचा एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर मिळाले (२ करिंथकरांस १२:८-९). त्यानेच एका सोबत्याला मिलेतात आजारी असताना मागे ठेवले (२ तीमथ्य ४:२०). म्हणून आजाऱ्याला किंवा शोकात असलेल्या घराला "तुमचा विश्वास कमी पडला" असे कधीही म्हणू नका. हे वाक्य माणसाला मंडळीपासून तोडते, आणि ते शास्त्राला धरूनही नाही.

वहीत "नाही" असेच लिहा, तारखेसह. झाकू नका, "आत्मिक अर्थाने मिळाले" अशी सारवासारवही नको. खाली विलापाचे एक स्तोत्र लिहून काढा; तेरावे आहे फक्त सहा वचनांचे. दुसरी विनंती लगेच लहान करू नका. एका नकारानंतर सगळीच मागणी आखडती घेणे, ही या टप्प्यावरची नेहमीची चूक.

## १०. उत्तर "होय" आले तर

दहा कोडी बरे झाले, परत आला एक (लूक १७). त्याच दिवशी उजव्या पानावर तारीख टाका आणि पुढच्या सभेत साक्ष द्या, तीन मिनिटांत: कधी मागितले, काय मागितले, काय झाले. रिपोर्टमध्ये गाठ लहान झाली असेल तर "लहान झाली" म्हणा, "नाहीशी झाली" नको.

उत्तर अनपेक्षित वाटले तरी अपराधी वाटून घेऊ नका. पेत्रासाठी रात्रभर प्रार्थना करणाऱ्यांच्या दारात पेत्र स्वतः येऊन उभा राहिला, तेव्हा आत वर्दी देणाऱ्या मुलीला त्यांनी वेडी ठरवले आणि तो बाहेर ठोठावतच राहिला (कृत्ये १२). दार त्यांनी उशिरा उघडले, पण पेत्र तुरुंगातून केव्हाच सुटलेला होता.